घरच्या कॉम्प्युटरवरच्या फाइली एन्क्रिप्ट कराव्यात का, आणि केल्या तर चावी कुठे ठेवावी?

रानजाई

फाइली एन्क्रिप्ट कराव्यात, म्हणजे चावीशिवाय वाचता येणार नाहीत अशा करून ठेवाव्यात, असं मनात आहे. जाणकारांचा सल्ला हवा आहे. घरातली यंत्रं अशी:

लॅपटॉप: विंडोज ११ होम, ५१२ जीबी एसएसडी. प्रवासात सोबत असतो.
डेस्कटॉप: विंडोज १०, १ टीबी हार्ड डिस्क, टीपीएम (चावी जपणारी सुरक्षा चिप) नाही. घरातले सगळे वापरतात.
२ टीबीची यूएसबी डिस्क: बॅकअपसाठी. हीच अधूनमधून टीव्हीलाही लावली जाते.

डेटा म्हणजे आधार, पॅन, आयकर विवरणपत्रं, बँकेची स्टेटमेंट्स, खरेदीखत आणि सातबाराचे स्कॅन, दवाखान्याचे रिपोर्ट आणि पुष्कळ फोटो. आख्खी डिस्क एन्क्रिप्ट करावी की फक्त कागदपत्रांचं फोल्डर? यंत्र संथ होतं का? आणि पासवर्ड विसरला तर काय?

---

खटपट्या

आधी एक गैरसमज काढून टाकू. विंडोजचा पासवर्ड किंवा पिन डिस्कवरच्या फाइली झाकत नाही. एन्क्रिप्शन नसेल तर डिस्क काढून साध्या यूएसबी केसमध्ये घालून दुसऱ्या यंत्राला जोडली की सगळं वाचता येतं. एसएसडी सोल्डर केलेली असेल तर लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू केलं तरी तेच.

एन्क्रिप्शन उपयोगी पडतं ते यंत्र बंद असताना परक्या हातात गेल्यावर. चोरी, रेल्वेत राहिलेली बॅग, जुनं यंत्र विकणं ही त्याची उदाहरणं. एक प्रसंग मात्र लोकांच्या लक्षात येत नाही, तो म्हणजे वॉरंटी. डिस्क बिघडली की कंपनी नवीन देते आणि जुनी ठेवून घेते. बंद पडलेल्या डिस्कवरचं काही पुसता येत नाही, आणि तिचं सर्किट बदलून कोणी ती वाचूही शकतो. आधीपासून एन्क्रिप्ट केलेली असेल तर निर्धास्तपणे देता येते. एसएसडीत हे जास्तच लागू. फाइलवर शून्यं लिहून ती पुसली असं आपल्याला वाटतं, पण एसएसडीचा कंट्रोलर झीज सारखी वाटण्यासाठी ते लेखन दुसऱ्याच सेलमध्ये करतो आणि जुना मजकूर काही काळ तसाच पडून राहतो.

ज्यापासून संरक्षण मिळत नाही तेही सांगतो. यंत्र चालू आणि उघडं असताना सगळ्या प्रोग्रामना फाइली उघड्याच दिसतात. रॅन्समवेअर (फाइली अडकवून खंडणी मागणारा प्रोग्राम), क्रॅक सॉफ्टवेअरसोबत आलेला पासवर्डचोर, "केवायसी अपडेट करा" म्हणत रिमोट ॲप टाकायला लावणारा फोन, यांतल्या कशालाही डिस्क एन्क्रिप्शन अडवत नाही.

तुमच्या बाबतीत माझं मत: लॅपटॉप पूर्ण एन्क्रिप्ट करा. डेस्कटॉपवर फक्त कागदपत्रांचा बंद कप्पा ठेवा. यूएसबी डिस्कचे दोन भाग करा. आणि या सगळ्याच्या आधी दुसऱ्या डिस्कवर एक पूर्ण बॅकअप घेऊन तो उघडून बघा. घरच्या वापरात चोरापेक्षा डिस्क मरण्याची शक्यता जास्त असते.

---

बिनतारी

लॅपटॉप एन्क्रिप्ट करायच्या आधी तो झालेलाच आहे का ते बघा. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती (२०२४) नव्याने टाकताना मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केलं की 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' आपोआप चालू होतं, होम आवृत्तीतसुद्धा. बऱ्याच लॅपटॉपवर ते त्याआधीही आपोआप होत होतं, २४एच२ मध्ये हार्डवेअरच्या अटी सैल झाल्या एवढंच.

बघायचं असं: सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग डिव्हाइस एन्क्रिप्शन. त्यावर विसंबू नका. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडा आणि मॅनेज-बीडीई ही आज्ञा स्टेटस पर्यायासह (manage-bde -status) चालवा. तीन ओळी महत्त्वाच्या: किती टक्के एन्क्रिप्ट झालं, प्रोटेक्शन ऑन की ऑफ, आणि की प्रोटेक्टर्स (चावीला लावलेली कुलपं) कोणते.

यात एक फसवी अवस्था आहे. १०० टक्के एन्क्रिप्टेड, पण प्रोटेक्शन ऑफ आणि की प्रोटेक्टर एकही नाही. लोकल खात्यावर (त्या यंत्रापुरतं, मायक्रोसॉफ्टशी न जोडलेलं) चालणाऱ्या यंत्रात हे सर्रास आढळतं. डेटा एन्क्रिप्ट झालेला असतो, पण चावी त्याच डिस्कवर उघडी पडलेली असते. म्हणजे संरक्षण शून्य. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केल्यावरच ते पक्कं होतं.

आणि ऑन दिसलं तर लगेच शोधा की रिकव्हरी की (अडलेलं यंत्र उघडणारी ४८ अंकी चावी) कुणाच्या खात्यात गेली आहे. जिथे लॅपटॉप घेतला त्या दुकानदाराने, भाच्याने किंवा ऑफिसातल्या कुणी पहिल्यांदा आपल्या खात्याने यंत्र लावून दिलं असेल, तर चावी त्यांच्या खात्यात असते. वर्षानुवर्षं काही कळत नाही, आणि एक दिवस निळा पडदा येऊन ४८ अंक मागतो. मायक्रोसॉफ्ट खात्याच्या पानावर डिव्हायसेसमध्ये जाऊन आपल्या यंत्रापुढे चावी दिसते का ते आजच बघा.

---

हिशोबनीस

कागदपत्रांच्या बाबतीत एक भर. "पीडीएफला पासवर्ड आहेच की" हे वाक्य फार ऐकू येतं. ते पासवर्ड बघा:

ई-आधार: नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मवर्ष. नाव ठाऊक असेल तर उरतं फक्त वर्ष, म्हणजे जेमतेम शंभर पर्याय.
ई-पॅन: जन्मतारीख, आठ आकडे. शंभर वर्षांच्या सगळ्या तारखा धरल्या तरी साधारण ३६,५०० पर्याय. साधा लॅपटॉपही ते बघता बघता तपासून संपवतो.
आयकराचं एआयएस (वार्षिक माहिती विवरण): पॅन लहान अक्षरांत आणि त्यापुढे जन्मतारीख. दोन्ही गोष्टी त्याच फोल्डरमधल्या दुसऱ्या कागदावर छापलेल्या असतात.

हे पासवर्ड ईमेल चुकून भलत्याकडे गेली तर उपयोगी पडतात, चोरीला गेलेल्या डिस्कसाठी नाहीत. शिवाय पुष्कळ जण रोजच्या सोयीसाठी पासवर्ड काढलेली प्रत शेजारीच ठेवतात. म्हणून या फाइली स्वतःच्या, लांब पासवर्डच्या कप्प्यातच हव्यात.

---

कळफलक

मी थोडा विरुद्ध बाजूने बोलतो. घरच्या माणसाचा डेटा चोरामुळे जितका जातो त्याहून जास्त स्वतःच्या कुलपामुळे जातो असं मला वाटतं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन, डिव्हाइस एन्क्रिप्शनमागेही तेच) खालच्या प्रसंगी ४८ अंक मागू शकतो:

१. बायोस (यंत्र सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट.
२. बायोसमध्ये सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त मान्य सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) बंद-चालू करणं किंवा बूटचा क्रम बदलणं. लिनक्स शेजारी टाकताना हे हमखास होतं.
३. मदरबोर्ड बदलणं. टीपीएम जुन्या बोर्डावर राहते, चावी तिच्यासोबत जाते.
४. एएमडीच्या बोर्डांवर बायोस अपडेटनंतर किंवा प्रोसेसर बदलल्यावर एक काळा पडदा येतो: एफटीपीएम (प्रोसेसरमधलं टीपीएम) रीसेट करायचं का, वाय की एन. लोक वाय दाबून मोकळे होतात. वाय म्हणजे साठवलेली चावी पुसणं. रिकव्हरी की हातात नसेल तर एन दाबा.
५. विंडोजचं एखादं अपडेट. जुलै २०२४ च्या सुरक्षा अपडेटनंतर काही यंत्रांवर विनाकारण रिकव्हरीचा पडदा आला होता. त्याच महिन्यात, १९ तारखेला, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या सदोष फाइलीने सुमारे ८५ लाख यंत्रं बंद पाडली. दुरुस्ती सोपी होती, सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढायची. पण अनेक ठिकाणी सेफ मोडमध्ये जायलाच बिटलॉकरची चावी लागत होती आणि काम तिथेच अडलं.

मोठ्या कंपन्यांचं असं होत असेल, तर ज्या घरात वायफायचा पासवर्ड कुठे लिहिलाय ते सापडत नाही तिथे काय होईल?

---

खटपट्या

@कळफलक, यादी अचूक आहे, निष्कर्ष पटला नाही. पाचही प्रसंगांत डेटा शाबूत असतो, ४८ अंक असले की दहा मिनिटांत यंत्र सुरू. म्हणून क्रम उलटा करायचा: आधी चावीची सोय, मग एन्क्रिप्शन.

ती सोय अशी. ४८ अंक कागदावर छापा, ६-६ अंकांचे ८ गट असतात. सोबत की आयडीची पहिली आठ अक्षरं लिहा, कारण रिकव्हरीच्या पडद्यावर तीच दिसतात आणि घरात दोन लॅपटॉप असतील तर कोणती चावी कशाची ते त्यावरूनच कळतं. हाताने उतरवत असाल तर पडताळणी सोपी आहे: प्रत्येक सहा अंकी गटाला ११ ने निःशेष भाग जातो. ज्या गटाला जात नाही तो चुकला आहे.

दोन प्रती काढा. एक घरच्या कागदपत्रांच्या फाइलीत, दुसरी बँकेच्या लॉकरमध्ये किंवा दुसऱ्या गावच्या भावा-बहिणीकडे. लॅपटॉपच्या बॅगेत नको. थर्मल प्रिंटरवर छापू नका, अक्षरं उडतात. घरातल्या आणखी एका माणसाला कागद कुठे आहे ते ठाऊक हवं. घरच्या कर्त्या माणसाचं अचानक काही झालं तर विमा आणि मुदत ठेवींचे कागद याच कुलपामागे असतात.

खात्यातल्या प्रतीवर एकटीवर भिस्त नको. लॅपटॉप अडला की खातं उघडायचं, खात्याचा कोड ईमेलवर येतो, आणि ईमेलचा पासवर्ड त्या अडलेल्या लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये. हे वर्तुळ कागदच तोडतो.

बायोस अपडेटच्या आधी प्रोटेक्शन सस्पेंड करायचं. प्रो आवृत्तीत कंट्रोल पॅनेलमध्ये 'सस्पेंड प्रोटेक्शन' मिळतं. डेटा एन्क्रिप्टेडच राहतो, फक्त चावी तात्पुरती उघडी ठेवली जाते आणि रीस्टार्टनंतर कुलूप पुन्हा लागतं. कितीही घाई असली तरी ही पायरी गाळू नका.

---

रानजाई

बिनतारी, तुम्ही म्हणता तसंच निघालं. १०० टक्के आणि प्रोटेक्शन ऑफ. लोकल खातं आहे.

आणखी दोन शंका. फाइलीवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्डमध्ये 'एन्क्रिप्ट कंटेंट्स' असा पर्याय लॅपटॉपवर पुसट दिसतो. तो का? आणि वेगाचं कुणी सांगितलं नाही.

---

बिनतारी

तो ईएफएस, म्हणजे विंडोजमधलं सुट्या फाइलींचं एन्क्रिप्शन. विंडोज २००० पासून आहे, होम आवृत्तीत चालत नाही म्हणून पुसट. चालत असता तरी घरी वापरू नका म्हणालो असतो. त्याची चावी त्या यंत्रावरच्या तुमच्या विंडोज प्रोफाइलमध्ये असते. विंडोज नव्याने टाकलं, अगदी त्याच नावाने आणि त्याच पासवर्डने खातं केलं, तरी जुन्या फाइली उघडत नाहीत. दुसऱ्या ॲडमिनने तुमच्या लोकल खात्याचा पासवर्ड रीसेट केला तरी त्या जातात. फाइलींची नावं दिसतात, आकार दिसतो, उघडायला गेलं की ॲक्सेस डिनाइड. सर्टिफिकेट, म्हणजे ती चावी, पीएफएक्स फाइलीत आधी काढून ठेवलेलं नसेल तर उपाय नाही.

वेग: प्रोसेसरमध्ये एईएस या एन्क्रिप्शन पद्धतीसाठी वेगळ्या सूचना असतील तर रोजच्या कामात फरक जाणवत नाही. इंटेलमध्ये त्या २०१० पासून येऊ लागल्या, पण दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या डेस्कटॉप आय३ मध्ये नव्हत्या, चौथ्या पिढीपासून आल्या. तुमच्या डेस्कटॉपला आहेत का ते व्हेराक्रिप्ट या एन्क्रिप्शन प्रोग्रामच्या टूल्स मेनूतल्या बेंचमार्कमध्ये कळेल. वेगवान एनव्हीएमई एसएसडीवर मोजमाप केलं तर घट दिसते, पण ब्राउझर, ऑफिस, फोटो यांत कळणार नाही.

"आमच्या एसएसडीत हार्डवेअर एन्क्रिप्शन आहे" या जाहिरातीवर मात्र जाऊ नका. २०१८ मध्ये नेदरलँड्सच्या राडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी सॅमसंग आणि क्रुशियलच्या काही एसएसडींतलं एन्क्रिप्शन पासवर्डशिवाय उघडता येतं हे दाखवलं. त्यानंतर २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने बिटलॉकरचा कल बदलला, आता ते डिस्कच्या शब्दावर न राहता स्वतः एन्क्रिप्ट करतं.

---

माळरान

डेस्कटॉपच्या कप्प्यासाठी व्हेराक्रिप्ट. ट्रूक्रिप्ट या जुन्या प्रोग्रामचं काम २०१४ मध्ये थांबलं, त्याच कोडवरून हे पुढे चालू आहे. फुकट आहे, विंडोज होम, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं, टीपीएम लागत नाही.

क्रिएट व्हॉल्यूम, मग 'एन्क्रिप्टेड फाइल कंटेनर' (हाच बंद कप्पा, बाहेरून एकच मोठी फाइल), मग स्टँडर्ड. कागदपत्रांसाठी १० जीबी पुष्कळ. अल्गोरिदम एईएस, हॅश एसएचए-५१२, पीआयएमची (पासवर्डसोबतचा जादा आकडा) जागा रिकामी सोडा. फाइल सिस्टिम एनटीएफएस. 'डायनॅमिक' पर्याय घेऊ नका, डिस्क भरली की आतला मजकूर बिघडतो. झाल्यावर माउंट केलं (पासवर्ड देऊन उघडलं) की नवीन ड्राइव्हचं अक्षर दिसतं, त्यात कागद टाकायचे, काम झालं की डिसमाउंट (पुन्हा बंद). डिसमाउंट न करता डिस्क उपटली तर आतली फाइल सिस्टिम खराब होऊ शकते.

चुका नेमक्या इथे होतात:

कप्प्यात कॉपी केल्यावर बाहेरची मूळ फाइल तशीच राहते. डाउनलोड्स, रिसायकल बिन आणि व्हॉट्सॲप डेस्कटॉपचं फोल्डर तपासा.

यूएसबी डिस्कचा आख्खा भाग व्हेराक्रिप्टने एन्क्रिप्ट केला तर विंडोजला तो ओळखू येत नाही आणि जोडल्या जोडल्या 'फॉरमॅट करायचं का' असं विचारतं. घरातलं कुणीतरी हो म्हणतं. म्हणून सामायिक घरात फाइल कंटेनरच बरा. तसं झालंच तर घाबरून पुढे काही लिहू नका: हेडरची (चावी ठेवलेला सुरुवातीचा भाग) राखीव प्रत व्हॉल्यूमच्या शेवटच्या १२८ केबीत असते, 'रिस्टोअर व्हॉल्यूम हेडर' तिथून ती परत आणतं. तरीही टूल्समधून हेडरचा वेगळा बॅकअप काढून दुसरीकडे ठेवा. हेडर गेलं तर बरोबर पासवर्डही निरुपयोगी.

कंटेनर गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवू नका. व्हेराक्रिप्ट फाइलीची बदलाची वेळ मुद्दाम जुनीच ठेवतं, त्यामुळे सिंकला बदल झाल्याचं कळतच नाही आणि क्लाउडवर जुनी प्रत राहते. सेटिंग बदलता येतं, पण मग एवढ्याशा बदलासाठीही मोठी फाइल पुन्हा चढू शकते. क्लाउडसाठी क्रिप्टोमेटर घ्या, ते प्रत्येक फाइल वेगळी एन्क्रिप्ट करतं.

---

हिशोबनीस

कुणाला फक्त सीएला किंवा बँकेला दोन-चार फाइली पाठवायच्या असतील तर एवढं सगळं नको. सेव्हन-झिप या फाइली बांधणाऱ्या प्रोग्राममध्ये सेव्हनझेड प्रकार, एईएस-२५६, आणि 'एन्क्रिप्ट फाइल नेम्स' वर खूण. समोरच्याकडे झिपच लागत असेल तर पद्धतीत झिपक्रिप्टो निवडू नका, ती जुनी आणि कमकुवत आहे. पासवर्ड त्याच ईमेलमध्ये न लिहिता फोनवर सांगा.

आर्काइव्हच्या आत डबल क्लिक करून पीडीएफ उघडली की तिची उघडी प्रत टेम्प फोल्डरमध्ये तयार होते, आणि खिडकी आधी बंद केली तर ती तिथेच राहू शकते. त्यामुळे रोजच्या वापराला हा मार्ग नको.

---

कळफलक

पासवर्डबद्दल एक. टीपीएम नसताना सगळं ओझं पासवर्डवर येतं. पाच फासे टाकून ७,७७६ शब्दांच्या यादीतून एक शब्द निवडायची पद्धत उत्तम, असे सहा शब्द पुरेत. मराठी शब्द घेतले तरी रोमन लिपीतच टाइप करा. देवनागरी पासवर्ड विंडोजमध्ये कदाचित चालेल, पण यंत्र सुरू होतानाच्या पडद्यावर देवनागरी कळफलक नसतो, दुसऱ्या यंत्रावर तोच लेआउट मिळेल याचीही खात्री नाही. आणि स्पेलिंग एकच ठरवा. 'पाऊस'चं रोमन स्पेलिंग घरातले चौघं चार प्रकारे करतात. म्हणींचे किंवा अभंगांचे चरण जसेच्या तसे घेऊ नका, ते अंदाजाने सापडतात.

---

माळरान

मॅक आणि लिनक्सवाल्यांसाठी थोडक्यात. ॲपल सिलिकॉन किंवा टी२ चिपच्या मॅकमध्ये डिस्क आधीच एन्क्रिप्टेड असते. फाइलव्हॉल्ट (मॅकचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू केलं की ती तुमच्या पासवर्डला बांधली जाते, लगेच होतं, न करण्याचं कारण नाही. रिकव्हरी की २४ अक्षर-अंकांची असते, ती कागदावर. लिनक्समध्ये लक्स (तिथली डिस्क एन्क्रिप्शनची सोय), आणि इन्स्टॉल करतानाच निवडलेलं बरं. क्रिप्टसेटपमधल्या लक्सहेडरबॅकअप आज्ञेने हेडर बाहेर काढून ठेवा, लक्स२ मध्ये तो साधारण १६ एमबीचा असतो.

---

रानजाई

मग लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खातं जोडून डिव्हाइस एन्क्रिप्शन पक्कं करते, चावी दोन कागदांवर. डेस्कटॉपवर १० जीबीचा कंटेनर. यूएसबी डिस्कचे दोन भाग, एकात टीव्हीसाठी सिनेमे आणि फोटो उघडे, दुसऱ्यात कंटेनर आणि बॅकअप. बरोबर?

---

खटपट्या

जवळजवळ. लॅपटॉपचा बॅकअप त्या दुसऱ्या भागात उघडा पडणार असेल तर लॅपटॉपला कुलूप लावून उपयोग काय? कागदपत्रांचा बॅकअप कंटेनरच्या आतच घ्या. बिटलॉकर टू गो (यूएसबी डिस्कसाठीचं बिटलॉकर) इथे चाललं असतं, पण होम आवृत्ती तशी डिस्क फक्त उघडू शकते, तयार करू शकत नाही.

फोटो उघडे ठेवायला हरकत नाही. उघडी डिस्क बिघडली तर फोटोरेकसारखं साधन कच्च्या डिस्कवरूनही फोटो वेचू शकतं, एन्क्रिप्टेड डिस्कवर आधी चावीने उघडल्याशिवाय ते शक्य नाही. एखादा सेक्टर खराब झाला की आख्खी एन्क्रिप्टेड डिस्क जाते असं मात्र नाही. तेवढाच तुकडा जातो, हेडरची जागा शाबूत राहिली पाहिजे एवढंच.

डेस्कटॉपच्या विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कंटेनर उघडा असताना मालवेअर आत शिरलं तर पासवर्डही जाईल, त्यामुळे ते यंत्र आधी अद्ययावत करा.

आणि प्रवासात लॅपटॉप झाकण मिटून झोपवू नका, शट डाउन करा. स्लीपमध्ये चावी रॅममध्ये असते.

---

रानजाई

शेवटची शंका. दुरुस्तीला दिल्यावर ते विंडोजचा पासवर्ड आणि कधी कधी रिकव्हरी कीसुद्धा मागतात. द्यावी का?

---

बिनतारी

स्क्रीन, कीबोर्ड, बॅटरी, बिजागरी यांसाठी दोन्हींची गरज नाही. तपासणीला त्यांना पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करता येतं. मदरबोर्ड बदलला तर चावी लागेल, पण ती यंत्र परत आल्यावर तुम्हीच टाइप करा. एसएसडी सुटी होत असेल तर काढून घरी ठेवूनच यंत्र द्या.

चावी देणं भागच पडलं तर नंतर ती बदला. प्रो आवृत्तीत मॅनेज-बीडीईच्या प्रोटेक्टर्स आज्ञेने आधी नवीन रिकव्हरी पासवर्ड जोडायचा, तो कागदावर उतरवायचा आणि मगच जुन्याचा आयडी देऊन तो काढायचा. होममध्ये सरळ रस्ता म्हणजे डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद करून डिस्क पूर्ण डिक्रिप्ट होऊ देणं आणि पुन्हा चालू करणं. नवीन ४८ अंक तयार होतात. चार्जर लावूनच करा. नंतर दोन्ही ठिकाणचे जुने कागद फाडून नवे ठेवा, नाहीतर ऐनवेळी हातात चुकीची चावी येते.